जिनचा सूर

बास गिटार वाजवणारा माणूस शांत स्वभावाचा असतो, असा एक समज आहे. मागे ड्रमच्या बाजूला उभा, डोळे अर्धे मिटलेले, मान हळूहळू हलतेय. लोकांना वाटतं, याची समाधी लागली. मुंबईतल्या एका जॅझच्या क्लबात मी बरीच वर्षं वाजवतोय, तिथला सॅक्सोफोनवाला मला 'महाराज' म्हणतो. त्याला काय सांगणार, की महाराजांच्या पोटात पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत गोळा उठलेला असतो. हा गोळा मुंबईतला नाही. तो मी यवतमाळजवळच्या माझ्या बाभुळगावाहून बरोबर आणलाय, मायनं दिलेल्या तिखट भुरक्याच्या बरणीसोबत. बरणी कधीच संपली.

आमचं घर जिनच्या अगदी समोर होतं, मध्ये फक्त रस्ता. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना, पण आमच्याकडे त्याला कारखाना कोणी म्हणत नसे. दिवाळी उलटली की कापसाच्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग आमच्या दारापर्यंत यायची आणि बैल आमच्या घरात डोकावत उभे राहायचे. मग एका सकाळी जिन सुरू व्हायचं. आधी पट्टे फडफडायचे, मग खडखडाट, आणि मग सगळे आवाज एकमेकांत मिसळून एकच जाड, खालचा सूर लागायचा. हूंऽऽऽ. तो कानापेक्षा पाठीला जास्त कळायचा, अंथरलेल्या सतरंजीतून. फडताळातल्या पितळी गुंडाचं, म्हणजे हंड्याचं, झाकण त्या सुरावर थरथरत बसायचं. बाबा वैतागून त्याखाली कागदाची घडी सारायचे आणि दुसऱ्या दिवशी ती घडी निसटलेली असायची. रुई तर घरभर. वरणात, माठातल्या पाण्यावर, बाबांच्या मिशीत. घास तोंडात घालायच्या आधी त्यातून रुईचा धागा काढणं आम्हाला मिठाइतकंच सवयीचं होतं. माझी बहीण रंजी लग्न होऊन वर्ध्याला गेली आणि पहिल्यांदा माहेरी आली, तेव्हा म्हणाली, "तिकडचं वरण लय सपाट लागते वं माय."

माय जिनमध्ये कामाला होती. वस्तीतल्या पुष्कळ बाया होत्या. लांबच लांब शेडमध्ये यंत्रांच्या दोन रांगा, प्रत्येक यंत्रापुढे एक बाई, आणि तिनं दिवसभर हातानं कापूस आत सारत राहायचं. सारताना हात किती पुढे जाऊ द्यायचा, हे ज्या त्या बाईच्या अंगात मुरलेलं असे. एकदा थांबलेलं जिन अचानक सुरू झालं आणि कमलामावशीचा हात जरा जास्त पुढे होता. ती मायची शेजारची, यंत्रावरही आणि घरानंही. तिची दोन बोटं गेली. तेव्हापासून त्या शेडमध्ये एक रिवाज पडला. जिन मधेच थांबलं की प्रत्येक बाईनं दोन्ही हात डोक्याच्या वर धरायचे. मुकादम एका टोकाला उभा राहून नजर फिरवायचा, कोणाचा हात खाली तर नाही ना. सुरुवातीला तो ओरडायचा, "हात!" पुढे ओरडायची गरज उरली नाही. सूर तुटला की हात आपोआप वर जायचे.

ही सवय माय घरीही घेऊन आली. रजेच्या दिवशी ती भाकरी थापत असली आणि लाईट जाऊन समोरचं जिन थांबलं, की चुलीपुढे बसल्याबसल्या तिचे हात वर. पीठ कोपरापर्यंत ओघळतंय, तव्यावरची भाकर करपतेय आणि माय हात वर करून बसलेली. आम्ही दोघं भावंडं हसून लोळायचो. "माय, हात खाली कर वं, इथं मुकादम नाही," रंजी म्हणायची. माय ओशाळून हात झटकायची. "मले समजतबी नाही, कवा वर गेले ते." आज ते आठवलं की हसू येत नाही. माझ्या पोटातला गोळा आणि तिचे ते हात एकाच घरचे, हे कळायला मला बराच उशीर लागला.

बास माझ्याकडे आला तो गजूभाऊंमुळे. गजूभाऊ आमच्या वस्तीतले गायक, आवाज खणखणीत, आणि त्यांची ऑर्केस्ट्रा पार्टी होती. जयंतीला भीमगीतं, लग्नसराईत सिनेमाची गाणी. बास त्यांच्या मालकीचा होता आणि तो वाजवायला नागपूरहून फ्रान्सिस सर यायचे. पार्टीत माझं काम आधी ड्रम लावायचं आणि गुंडाळायचं होतं, पण माझी नजर कायम सरांच्या डाव्या हातावर. त्यांनी मला शिकवलं, आणि गुडघे दुखायला लागले म्हणून त्यांनी एसटीचा प्रवास सोडला, तेव्हा बास माझ्या गळ्यात आला. जाताना त्यांनी एक कॅसेट दिली. तिच्यावरचं नाव पुसून गेलेलं होतं. परदेशातलं फंक नावाचं ठोक्याचं संगीत वाजत होतं तिच्यात, पण फंक हा शब्द मला पुष्कळ वर्षांनी कळला. तेव्हा मला ते बास आणि ड्रमचं भांडण वाटलं होतं, तेही आमच्या वस्तीतल्यासारखं: एकजण एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणतोय आणि दुसरा त्याला बोलू देत नाही. पहिल्या ठोक्यावर सगळे एकत्र आदळायचे आणि मग मध्ये मोकळ्या जागा सोडायचे. त्या जागांचं मला फार वेड लागलं. अजूनही आहे. पानभर सूर वाजवणारे, अंगठ्यानं तारा बडवून टाळ्या घेणारे बासवाले मला सहन होत नाहीत. माझ्याकडे शिकायला येणारी मुलं तेच शिकायला येतात आणि मी त्यांना महिनाभर एकच सूर वाजवायला लावतो. निम्मी पळून जातात.

घरी ॲम्प्लिफायर कुठला असायला! बासचं टोक मायच्या पत्र्याच्या पेटीला टेकवलं की आवाज मोठा व्हायचा, हा शोध मीच लावला. आणि तारा जुळवायला पेटी-हार्मोनियम नव्हती, पण समोर जिन होतं. एकदा सर घरी आलेले असताना मी सगळ्यात बारीक तार छेडली, आणि त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. जिनकडे कान दिला. पुन्हा तार छेडायला लावली. मग पोट धरून हसले. "अबे मिलिंद, ये तो पांढरी पाच है. तुह्या घरासमोर फुकटचा तानपुरा लागला न बे!" हार्मोनियमवरच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीला आम्ही वाजवणारे पांढरी पाच म्हणतो. माझी बारीक तार तीच, आणि जिनचा सूरही जवळजवळ तोच. तेव्हापासून मी जिनवर तार जुळवायचो. लाईटचा जोर कमीजास्त झाला की जिन किंचित खालीवर सरकायचं आणि मीही त्याच्यामागे खुंटी पिळत बसायचो. मग तालमीला गेलं की कीबोर्डवाला बोंबलायचा, "हा पोट्टा रोज नवा सूर घेऊन येते राजेहो!" पण मला ते आवडायचं. तासन्‌तास मी पेटीला बास टेकवून त्या एका सुरावर ठोका धरायचो, आणि समोर माय त्याच सुरात कापूस सारत असायची.

मग ती वर्षं आली, ज्यांच्याबद्दल पेपरात पुष्कळ छापून आलं. मी ती पेपरातून पाहिली नाहीत, दारातून पाहिली. बंड्यांची रांग आमच्या दारापर्यंत येईना. मग जिनच्या फाटकापर्यंतही येईना. बोंडं किडली होती, आणि जी धड होती त्यांना कोणी विचारत नव्हतं. लग्नं आटोपशीर व्हायला लागली आणि आटोपताना सगळ्यात आधी ऑर्केस्ट्रा कापला जायचा. ठरलेले कार्यक्रमही मोडायचे. गजूभाऊ फोन ठेवायचे आणि आमच्याकडे न बघता म्हणायचे, "मारेगाव कॅन्सल." काहून, हे सुरुवातीला आम्ही विचारायचो. त्या घरात किंवा शेजारच्या घरात कोणीतरी गेलेलं असायचं, म्हातारा नव्हे, चांगला हिंडताफिरता माणूस. पुढे आम्ही विचारणं सोडलं.

त्या साली संक्रांत झाली आणि एका सकाळी जिन सुरूच झालं नाही. बाया डबे घेऊन फाटकाशी गेल्या तर कुलूप. आतला चौकीदार म्हणाला, "मलेच मालूम नाही बाई, तुमाले काय सांगू." बाया दुपारपर्यंत तिथंच बसून राहिल्या, न जाणो कोणी येईल. कोणी आलं नाही. माय परत आली, उंबऱ्यावर बसली आणि फाटकाकडे बघत बघत डब्यातली भाकर आणि ठेचा तिथंच खाल्ला. कमलामावशी रस्त्यात उभी राहून एकच वाक्य बोलत होती, "सांगतलंबी नाही वं कोणं. सांगतलंबी नाही." त्या रात्री आमच्या घरात कोणालाच झोप आली नाही. गुंडाचं झाकण गप्प होतं. जिन दर उन्हाळ्यात बंद व्हायचं, पण तेव्हा ते बंद होणार हे ठाऊक असायचं. ही शांतता निराळी होती. पुढचे कितीतरी दिवस माय पहाटे उठून डबा करायची, आणि मग तो डबा मी आणि बाबा खायचो.

मायचं काम गेलं, रंजीचं लग्न ठरत होतं, आणि बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान जेमतेम चालत होतं. मला या सगळ्याची काळजी होतीच, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर माझा जीव बासमध्ये अडकला होता. यवतमाळहून डीजे यायला लागला होता, माणसाएवढे डबे घेऊन. त्या डब्यांतून धम्म धम्म निघायचं आणि लोक म्हणायचे, वा, काय बास आहे! वाजवणारा कोणी नाही आणि बास आहे, हे मला झोंबायचं. जयंतीच्या आधी गजूभाऊंनी मला विहाराच्या पायरीवर बसवून घेतलं. त्यांना बोलायला जड जात होतं, ते सारखे चपलेनं माती उकरत होते.

"पाह्य मिल्या, पार्टी लहान करा लागते. कीबोर्डवाला म्हणते, बास मी डाव्या हातानं वाजवतो."

"भाऊ, डाव्या हाताचा बास म्हणजे..."

"मले समजते रे. पण लोकायले समजते काय? हे सांग. लोकायले गाणं पायजे, ढोलकी पायजे. बास हाय का नाही, कोणाले ठाव?" मग त्यांनी चपलेतली माती झटकली. "असं करू. जयंतीले आपलं शेवटचं गाणं असते न, पांढरी पाचचं? त्याच्यात मी कानाले हात लावला का तू थांबजो. कीबोर्डबी डावा हात लावणार नाही. लोकायतून एकाले जरी समजलं, त तू राह्यशीन. नाही समजलं, त बास माह्या घरी आणून देजो. मंग माह्यावर रागावू नको."

माणूस प्रामाणिक होता, म्हणून तर पंचाईत. रागावायचीही सोय ठेवली नव्हती. मी घरी आलो आणि मायला काही बोललो नाही. तिच्या डोक्यावर आधीच काय कमी होतं? बाबांना मात्र दुकानात जाऊन सांगितलं. ते ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्याच्यात काय हाय? मी वरडतो न. बास काहून बंद केला, म्हणून. माह्यासोबत चारजण वरडतीन."

"नाही बाबा. ते लबाडी होईन."

"मंग कोणाले समजन गा?"

मी त्यांच्याकडून वचन घेतलं, तोंड उघडायचं नाही. त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. घास उतरेना. ज्याला त्याला मी आडून आडून विचारायचो, गाण्यात तुला काय ऐकू येतं? कोणी म्हणालं आवाज, कोणी म्हणालं ढोलकी, एकजण म्हणाला गजूभाऊंचा खोकला. बास कोणीच म्हणालं नाही. मी पेटीला बास टेकवून समोरच्या बंद फाटकाकडे बघत बसायचो, आणि जिनचा सूर आठवून आठवून बारीक तार पिळायचो. माय म्हणाली, "काहून इतका कानाले लावून राह्यला रे? लेकरू हाय काय ते?"

जयंतीच्या दिवशी विहारासमोरच्या मैदानात मंडप पडला होता. दिवस मावळायच्या बेताला कार्यक्रम सुरू झाला. एका बाजूला माणसं, एका बाजूला बाया, मध्ये दोरी. बायांच्या बाजूला पुढेच जिनच्या बाया बसल्या होत्या, पांढऱ्या लुगड्यांत, निळ्या काठांच्या. इतकी वर्षं एका रांगेत काम केलेल्या, म्हणून बसल्याही रांगेत. माय, तिच्या शेजारी कमलामावशी. बाबा माणसांच्या गर्दीत खांबाला धरून उभे होते. आधीची गाणी मी कशी वाजवली, मला आठवत नाही. एवढं आठवतं, की बुंदीचा वास येत होता.

शेवटचं गाणं सुरू झालं आणि पोरं उठून नाचायला लागली. या गाण्यात बासला फारसं काही नसायचंच. सर तिथं दोन-चार सूर फिरवायचे. पण कॅसेट ऐकून ऐकून मी ते सगळं काढून टाकलं होतं आणि एकाच सुरावर बसलो होतो, पांढरी पाच, मोकळी बारीक तार, पहिल्या ठोक्यावर जोर आणि मग नुसतं घरंगळत जाणं. हूंऽऽ, हूंऽऽ. फळ्यांचं स्टेज पायाखाली थरथरत होतं. एवढ्या काळजीतही मला क्षणभर घरी बसल्यासारखं वाटलं. आणि गजूभाऊंनी कानाला हात लावला.

मी थांबलो.

काही झालं नाही. ढोलकी कडकडत होती, कीबोर्ड उजव्या हातानं वाजत होता, गजूभाऊ गात होते, पोरं नाचत होती. एकाचाही पाय चुकला नाही. मी तारांवर तळहात दाबून उभा होतो. बाबांकडे पाहिलं. त्यांनी स्वतःचं तोंड हातानं गच्च दाबून धरलं होतं. डोळे जमिनीकडे. दिलेला शब्द तो माणूस अक्षरशः हातानं पाळत होता. संपलं, असं मी मनात म्हटलं. गजूभाऊंनी माझ्याकडे वळून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पडला होता. त्यांनाही हे नको होतं, हे मला तेव्हा समजलं.

तेवढ्यात त्यांचा शब्द तोंडातच राहिला. ते समोर बघत होते. मीही पाहिलं.

बायांच्या बाजूला पुढची अख्खी रांग हात वर करून बसली होती. दोन्ही हात, डोक्याच्या वर, पंजे उघडे. माय. तिच्या शेजारी कमलामावशी, तिच्या एका पंजात तीनच बोटं. त्यांच्यापलीकडच्या सगळ्या. कोणी हसत नव्हतं, कोणी एकमेकींकडे बघत नव्हतं. चेहऱ्यावर तो भाव होता जो मी चुलीपुढे कितीदा पाहिला होता आणि ज्याला हसलो होतो. त्या एकटक समोर बघत होत्या, कोणाचा हात खाली तर नाही ना, हे कोणीतरी येऊन बघेपर्यंत.

बाभुळगावात त्या हातांचा अर्थ ठाऊक नाही असं कोणी नव्हतं. ढोलकीवाला आपोआप थांबला. नाचणारी पोरं थांबली. मंडपात इतकी शांतता झाली की मागे कढईत झारा पडल्याचा आवाज आला. मग बायांना कळलं, आपण काय करून बसलोय ते. एकीनं हात खाली घेतले, दुसरीनं पदर तोंडाला लावला, आणि कमलामावशी आपल्याच पंजाकडे बघत राहिली. गजूभाऊंनी माईक तोंडापासून दूर धरला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "वाजव बे. वाजव लवकर."

मी वाजवायला लागलो. सूर लागला. पुढच्या रांगेतले उरलेले हात हळूहळू खाली आले.

बास माझ्याकडे राहिला. पार्टी पुढच्याच वर्षी मोडली, जिनच्या जागेवर आता कापडाचं दुकान आहे आणि मी त्या बासवर पोट भरत यवतमाळ, नागपूर, पुणे करत मुंबईला आलो; ते सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी मी घरी गेलो तेव्हा बाबा माझ्या पाठीवर हात ठेवून एवढंच म्हणाले, "मी वरडलो नाही हो." मायला अजूनही काही ठाऊक नव्हतं, आणि त्या वेळी मला ते सांगवेना. ती भाकरी थापत होती. मी ताटापुढे बसलो, कितीतरी दिवसांनी मला भूक लागली होती. तिनं भाकर वाढली, वर भुरका घातला आणि माझ्याकडे न बघता, जरा रागातच म्हणाली, "मधातच कायले थांबला रे तू? जीव कसा धस्स झाला. थांबाचं असन त सांगून थांबत जाय."